एकोण

भाची यंदा एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत गेली. परवा तिचा फोन आला. "मावशी, तुझी जुनी डायरी आहे का गं? सर म्हणाले, केलेल्या कामाची डायरी लिहा. काय लिहायचं काही समजूनच नाही राहिलं."

लोखंडी कपाटावरचं गाठोडं काढलं आणि डायरी सापडली. २०११-१२. कव्हरवर कोणार्कच्या रथाचं चाक, आत माझं गोल गोल अक्षर. प्रत्येक ओळीत तारीख, काम, तास. 'वृक्षारोपण, ३ तास.' 'मतदार जागृती रॅली, ४ तास.' 'मनपा शाळा, २ तास.' मनपा शाळा अशा सव्वीस ओळी आहेत. शेवटच्या पानावर 'एकूण १२०', खाली सही आणि जांभळा गोल शिक्का.

त्या सव्वीसातल्या सात ओळी खोट्या आहेत. सातच, हे मला इतकं नेमकं कसं माहीत, तर त्याच वर्षाचा एक दुसरा हिशेबही कुणीतरी ठेवला होता.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं होती आणि ४० हजार विद्यार्थी. नियम साधा आहे: वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, आणि एक सात दिवसांचं शिबिर. ते झालं की प्रमाणपत्र. बोधवाक्य 'नॉट मी बट यू'. आम्ही बी.एस्सी. सेकंड इयरची सात-आठ जणं त्यात कशी गेलो, तर शिबिराला जायला मिळतं म्हणून. घरून सात दिवस बाहेर राहायची परवानगी दुसऱ्या कोणत्याही कारणाने मिळाली नसती. समाजसेवा वगैरे नंतर, ओळखपत्रावर फोटो चिकटवताना सुचली.

आम्हाला मिळाली पूर्व नागपुरातली महापालिकेची एक शाळा. शनिवारी सकाळची शाळा असते, तर ९ ते ११ आमचे. सहावीचा वर्ग. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळा भरतात. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे जून संपत आला की. त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा पाऊसही शाळेत नवाच होता. कडुनिंबाखाली चिखल, आणि व्हरांड्यात एकावर एक रचलेली ओली दप्तरं.

पहिल्या दिवशी काय केलं असेल? बॅनर लावला. फोटो काढले. ग्लुकोजची बिस्किटं वाटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना टाळ्या वाजवायची सवय होती. वाढदिवसाला केक घेऊन येणारे, जयंतीला वह्या घेऊन येणारे, सगळे आधी टाळ्याच मागतात. तो बॅनर पुढे बाईंनी पिण्याच्या पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून बांधला. आमच्या सगळ्या उपक्रमातली ती सर्वांत टिकाऊ गोष्ट ठरली.

या बाई म्हणजे सहावीच्या वर्गशिक्षिका. पाचवीच्या बाई रजेवर, म्हणून पाचवीही त्यांच्याचकडे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जनगणनेची घरं फिरून झाली होती, आता मतदार याद्या होत्या. आम्ही उत्साहाने म्हणालो, "मॅडम, आम्ही दर शनिवारी येणार." त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येणार असाल तरच येतो म्हणा. तुम्ही आले की पोट्टे हवेत जातात, आणि तुम्ही यायचे बंद झाले की त्यांना खाली आणता आणता माझा महिना जातो." आम्हाला त्यांचा राग आला. बाहेर येऊन तर्री पोहे खाताना आम्ही त्यांना खडूस ठरवलं. सरकारी शाळा अशा का असतात, याचं उत्तर आम्हाला दुसऱ्या प्लेटच्या आत सापडलं होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही वाचनाची चाचणी घेतली. आमच्यातल्या एकीने 'असर'च्या चाचणीचा कागद आणला होता. 'प्रथम' ही शिक्षणात काम करणारी संस्था २००५ पासून ती पाहणी करते: एका पानावर अक्षरं, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर वाचेल ती त्याची पातळी. ती पाहणी खेड्यांची, शहरातल्या शाळा तिच्यात येत नाहीत. पण कागद तोच चालतो. चाळीसेक पोरांपैकी गोष्टीपर्यंत सुखाने पोचणारी निम्मीही नव्हती. सहावीत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला होता, आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असा तेव्हा त्याचा नियम होता. पोरं पुढे जात होती आणि वाचन दुसरीच्या बाकावर बसून राहिलं होतं. बाईंना हे सगळं माहीत होतं. कोण कुठे अडतो ते त्यांनी आम्हाला न बघता सांगितलं असतं. आम्ही विचारलं नाही, कारण आम्हाला चाचणी घ्यायची होती.

आमच्यातला एक दादा भाषा शिकवायचा. पोरगा म्हणाला, "सर, मले नाई येत." दादा म्हणाला, "मले नाही, मला म्हण." पोरगा गप्प बसला तो त्या दिवशी पुन्हा बोललाच नाही. हाच दादा गेटबाहेर येऊन मला म्हणतो, "मले भूक लागली बे, चाल." मी हसले, पण मलाही त्यातलं विचित्र काही तेव्हा दिसलं नव्हतं.

माझ्याकडे गणित. आणि गणितात छोटी.

तिला आपण छोटीच म्हणू. त्या वस्तीत दर दुसऱ्या घरात एक छोटी असतेच. आई कळमन्याच्या बाजारात कामाला जायची, मिरचीच्या दिवसांत मिरचीचे देठ खुडायला. छोटीही जायची मधूनमधून. मग वर्गात बसून ती डोळ्यांना हात लागू नये म्हणून दोन्ही तळवे मांडीखाली दाबून ठेवायची. एक-दोनदा मला वाटलं, पोरगी लक्ष देत नाही, हात खाली घालून बसते.

मी अंक सांगायचे, पोरं पाटीवर लिहायची. सत्तावन्न. ५७. शाबास. चौऱ्याऐंशी. निम्म्यांनी ४८. ते कळण्यासारखं होतं, आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. मग मी म्हटलं एकोणसाठ. छोटीने लिहिलं ६९.

फुली. पुढच्या आठवड्यात एकोणतीस सांगितलं; ३९. फुली. तिसऱ्या आठवड्यात एकोणपन्नास, आणि पुन्हा ५९. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, की ही चुकत नाहीये. चुकणारं मूल दर वेळी वेगळं चुकतं. हिचा काहीतरी नियम आहे.

"एकोणपन्नासला ५९ काहून लिहिलं गं?"

"पन्नास म्हटलं ना तू ताई. पन्नास आन् नऊ."

"नऊ कुठून आले?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण सोपं न समजणाऱ्या मोठ्या माणसाकडे पाहतो. "एकोण म्हंजे नऊ ना!"

एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस: भिंतीवरच्या तक्त्यात ज्या ज्या अंकाच्या नावात एकोण, त्याच्या शेवटी नऊ. सत्तावन्न म्हणजे सात आणि पन्नास, तर एकोणसाठ म्हणजे नऊ आणि साठ. काय चुकलं तिचं? कुणी शिकवलं नसताना तिने निरीक्षण केलं, नियम काढला, तो लावला. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत आम्ही तेच करत होतो आणि त्याचे आम्हाला मार्क मिळत होते. हिला मी तीन फुल्या दिल्या होत्या.

मग मी समजवायला गेले. एकोण म्हणजे एक ऊन. ऊन म्हणजे कमी. वजाबाकीत उणे म्हणतो ना, तेच ते.

"ऊन?" ती खिडकीबाहेर बोट दाखवत म्हणाली. "ते कमी हाय?"

ऑक्टोबरचं नागपूर. बाहेर कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. वर्ग हसला, मीही हसले, आणि संस्कृतातून आलेली ती व्युत्पत्ती तिथेच पडली. शेवटी चिंचोके आणले. दहा-दहाचे सहा ढीग. साठ. छोटीलाच म्हटलं, मोज. तिने मोजले. मग मी एक उचलला आणि मुठीत धरला. आता? तिने पुन्हा सगळे मोजले, सुरुवातीपासून, माझ्यावर विश्वास नसल्यासारखे. पाच ढीग, आणि सुटे नऊ. बराच वेळ गप्प. मग माझ्या मुठीकडे बघून म्हणाली, "एक तुयापाशी हाय. म्हून एकोण."

यालाही पुढे चार शनिवार गेले. एकदा कळलं म्हणजे झालं, असं गोष्टीत होतं. पुढच्या आठवड्यात तिने एकोणऐंशीला पुन्हा ८९ लिहिलं, घरी भाऊ हिंदीत उन्यासी म्हणतो त्याने आणखी घोळ झाला, आणि आम्ही पुन्हा चिंचोके काढले. चौथ्या शनिवारी मात्र न चुकता सगळे आले, आणि वर तिने मलाच अडकवलं. "मंग नव्व्याण्णवले एकोणशंभर काहून नाई म्हणत?" मला उत्तर आलं नाही.

पुढे २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास सात' अशा धर्तीवर संख्या वाचायची सोय केली तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधानसभेत आमच्या नागपूरच्या फडणवीसांच्या आडनावातल्या 'वीस'वरही कोटी झाली. आमच्या घरी मग बावनकुळेंचं काय करायचं यावर दोन दिवस हसणं चाललं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की मुलांना उलटं बोलणं आणि ती जोडाक्षरं जड जातात. मराठी बुडाली म्हणणाऱ्या लोकांमध्ये माझे काका होते, ज्यांची नातवंडं 'फिफ्टी नाइन' म्हणतात. मला वाद घालावासा वाटला नाही. मला फक्त तळवे मांडीखाली दाबून बसलेली पोरगी दिसत होती. एकोणसाठ हा शब्द मला आजही आवडतो, तो जाऊ नये असं वाटतं, पण तो पोचवायला एका माणसाला चार शनिवार लागोपाठ यावं लागतं, आणि हिशेब तिथेच फिसकटतो.

कारण आमचं येणं एव्हाना विरळ झालं होतं. दिवाळी. मग सबमिशन. मग कुणाच्या बहिणीचं लग्न. शिबिर झालं, त्याचे तास जमा झाले. आठांचे पाच, पाचांचे तीन. माझंही तसंच. न जाण्याचं कारण दर वेळी खरंच असायचं, आणि निघताना "पुढच्या शनिवारी येते हं" हे वाक्य दर वेळी तोंडात असायचं. टाटा म्हणतो तसं. स्कूटीवर स्कार्फ गुंडाळून, गॉगल लावून निघाले की मी कुणाचीही ताई नसायचे; पोरांनी स्कार्फातला चेहरा ओळखू नये याची एक गंमतही वाटायची. एकदा तीन आठवड्यांनी गेले तर एक पोट्टा दारातच म्हणाला, "आली का? आमाले वाटलं मेली." मी त्याला रागावले.

एकच जण नियमित यायचा. त्याला शिकवण्यात काडीचा रस नव्हता. वर्गात उभं राहिलं की त्याला घाम फुटायचा. तो आपला फुटबॉल घेऊन यायचा आणि मागच्या मैदानात पोरांबरोबर, नंतर नंतर पोरींबरोबरही, दोन तास खेळून जायचा. आम्ही त्याला टोमणे मारायचो, हे काय एनएसएस आहे? नागपुरात राहून आम्हाला हे सुचू नये, म्हणजे कमालच. याच शहरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं दिसली; त्यांनी त्यांना फुटबॉल दिला, आणि २००१ पासून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. बॉल तर कुणीही दिला असता. आम्हीही बिस्किटं दिलीच होती. बारसे दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मैदानावर गेले, तिथे आमच्यात आणि त्यांच्यात फरक पडतो. आमच्या फुटबॉलवाल्याने यावर काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. त्याला शनिवारी खेळायला गडी हवे होते, बस.

फेब्रुवारी २०१२. महापालिकेची निवडणूक नुकतीच झाली होती. शाळेत बूथ होतं, त्याचे चिकटवलेले कागद दारांवर अर्धवट फाटलेले. मी महिन्याभराने शाळेत गेले, ते शिकवायला नाही. मुख्याध्यापकांची सही हवी होती, 'सदर विद्यार्थिनीने आमच्या शाळेत नियमित' वगैरे. सही मिळाली. कागद पर्समध्ये टाकून जिन्याशी आले, तर छोटी पायरीवर बसलेली. मधली सुट्टी होती, तिच्या डब्याच्या झाकणात खिचडी. मला बघून ती उठली नाही. डावा हात फ्रॉकला पुसून तिने दप्तरातून वही काढली आणि शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरली.

पट्टीने आखलेल्या रेघा. वर तारखा, सगळे शनिवार. डावीकडे नावं. आमची नावं तिला येत नव्हती की लिहिता येत नव्हती, कोण जाणे. 'लाल गाडीवाली ताई.' 'चश्मा ताई.' 'मला म्हन दादा.' 'फुटबाल दादा.' प्रत्येक चौकोनात ह किंवा ग. बाई मस्टर भरतात तसंच, हजर आणि गैरहजर. चश्मा ताईच्या ओळीत दिवाळीपासून नुसते ग. फुटबाल दादाची ओळ ह, ह, ह अशी पानाच्या कडेपर्यंत गेलेली, मध्ये दोनच ठिकाणी खंड. आणि ज्या शनिवारी आमच्यापैकी कुणीच आलं नव्हतं, त्या रकान्यातही तिने एकेक ग भरला होता, घाई न करता, सारख्या आकाराचा.

लाल गाडीवाली ताई म्हणजे मी. गेल्या चार चौकोनांत ग, ग, ग, ग.

"हे काहून लिहिलंस?"

"बाई आमची घेतात. तुमची कोन घेईन?"

शेवटच्या रकान्याला मस्टरमध्ये 'एकूण' लिहिलेलं असतं. तिने लिहिलं होतं 'एकोण'. माझा हात सवयीने पर्सकडे गेला, लाल पेनकडे. पर्समध्ये वरच तो सहीचा कागद होता. मी पर्स बंद केली.

"चुकलं का ताई?"

"नाही. बरोबर आहे."

माझ्या ओळीच्या टोकाचा चौकोन मोकळा होता. तिने तिथेच, माझ्यादेखत, बोटाने एकेक ह मोजला. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा सुरुवातीपासून मोजला, चिंचोके मोजायची तसाच. मग लिहिलं १९. लिहिताना अडली नाही.

"एकोणीस," ती म्हणाली. "वीस उणे एक."

खिचडीचा शेवटचा घास तिने झाकणाच्या कडेने ओढून घेतला. तोंडात घास असतानाच म्हणाली, "वीस पुरे कराचे असन तं येजो."

जीभ सवयीने वळली होती, पुढच्या शनिवारी येते हं. पण मी बोलले नाही. पायरीवर तिच्या शेजारी बसले, पर्समधून प्रॅक्टिकलचं टाइमटेबल काढलं आणि आधी शनिवार कुठे येतो ते बघायला लागले.